पिरेअस बंदर : फेरी, क्रूझ आणि प्राचीन गोद्या यांसाठी एक दिवस राखावा का?

उत्तरा_स

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरात आम्ही ग्रीसला जात आहोत. आईबाबांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांना रोज सामानाची बांधाबांध करावी लागू नये, म्हणून त्यांच्यासाठी पिरेअसहून सुटून पिरेअसलाच परतणारी एक छोटी क्रूझ ठरवली आहे. आम्ही दोघे त्याच दिवसांत फेरीने नाक्सोसला आणि तेथून पुढे सँटोरिनीला जाणार आहोत. त्यांचे जहाज दुपारनंतर सुटते आणि आमची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. त्यामुळे मधली रात्र अथेन्समध्ये काढावी की पिरेअसमध्येच, हा पहिला प्रश्न आहे. क्रूझचा धक्का आणि फेरीचा धक्का एकमेकांपासून किती दूर आहेत, हेही नकाशावरून नीट उमगत नाही.

दुसरा प्रश्न फेरीच्या निवडीचा आहे. एकाच मार्गावर मोठी, सावकाश जाणारी जहाजे आहेत आणि जवळजवळ दुप्पट भाड्याच्या जलद नौकाही आहेत. केवळ वेळ वाचतो म्हणून जलद नौका घ्यावी का, आणि वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द होतात असे वाचले, ते सप्टेंबरात कितपत खरे ठरते?

तिसरा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. बहुतेक माहितीपुस्तके पिरेअसची बोळवण एका ओळीत करतात : वेळेआधी पोहोचा आणि जहाजात बसा. ज्या बंदराच्या बळावर अथेन्स समुद्रसत्ता बनले, त्याचे आज डोळ्यांनी पाहता येईल असे काही उरले आहे का? उरले असेल, तर त्यासाठी एक संपूर्ण दिवस राखण्याची माझी तयारी आहे.

शीड_आणि_वारा

उत्तराताई, रात्र पिरेअसमध्येच काढा. नाक्सोसकडे जाणारी मोठी जहाजे सकाळी साडेसातच्या सुमारास सुटतात आणि सुटण्याच्या निदान अर्धा ते पाऊण तास आधी धक्क्यावर असावे लागते. अथेन्सच्या मध्यभागातून तेवढ्या पहाटे सामानासह निघण्याची दगदग अनाठायी आहे.

आता बंदराची रचना सांगतो, कारण येथे पहिल्यांदा येणाऱ्याचा गोंधळ अंतराच्या अंदाजात होतो. मुख्य बंदराचे तोंड पश्चिमेला असून ते अरुंद आहे. आत आल्यावर पाणी रुंदावते आणि त्याच्या काठाने वळत गेलेल्या लांबलचक धक्क्यावर ई-१ पासून ई-१२ पर्यंतची प्रवेशद्वारे आहेत. ई-१ आणि ई-२ ही दारे उत्तरेकडच्या बाजूला बंदराच्या तोंडाजवळ आहेत, आणि ऱ्होड्स, कोस, क्रीट, खिओस अशा लांबच्या बेटांची जहाजे सहसा त्या बाजूला लागतात. मेट्रो स्थानकाच्या समोर ई-५, ई-६ आणि ई-७ येतात. पारोस, नाक्सोस, सँटोरिनी या सिक्लाडीस बेटांकडे जाणारी बरीच जहाजे ई-७ च्या आसपास उभी असतात. ई-८ वरून एजिना, पोरोस, हायड्रा या जवळच्या बेटांच्या नौका सुटतात. क्रूझ जहाजांची टर्मिनले ई-११ आणि ई-१२ जवळ, म्हणजे दक्षिणेकडच्या काठाने पुन्हा तोंडाच्या दिशेने गेल्यावर लागतात. मेट्रो स्थानकापासून तेथपर्यंत चालत जायला सुमारे अर्धा तास लागतो, म्हणून आईबाबांना घेऊन जाताना टॅक्सीच करावी. ई-१ च्या दिशेला जाण्यासाठी बंदराच्या आवारातून विनामूल्य बस फिरते, पण तुम्हाला तिची गरज पडेल असे वाटत नाही. दाराचा क्रमांक मात्र प्रवासाच्या आदल्या दिवशी तिकिटावर किंवा कंपनीच्या संदेशात पुन्हा पाहून घ्यावा, कारण धक्के बदलले जातात.

विमानतळावरून येण्याचा मार्ग आता फार सोपा झाला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेट्रोची तिसरी मार्गिका पिरेअसपर्यंत पोहोचली, त्यामुळे गाडी न बदलता साधारण तासाभरात थेट बंदरापाशी उतरता येते. रात्री-अपरात्री विमान उतरत असेल, तर एक्स-९६ ही बस चोवीस तास धावते. अथेन्सच्या मोनास्टिराकी किंवा ओमोनिया भागातून येणारी पहिली मार्गिका ही मुळात १८६९ मध्ये सुरू झालेली अथेन्स–पिरेअस रेल्वे आहे. आधी वाफेवर धावणारी ही गाडी १९०४ मध्ये विजेवर आली. राजधानी आणि बंदर यांना जोडणे ही नव्याने स्वतंत्र झालेल्या ग्रीसची किती मोठी निकड होती, हे त्या वर्षांवरूनच लक्षात येते.

शिलालेख

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण पिरेअसला एका ओळीत उरकले जाते याचा मलाही मनापासून विषाद वाटतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की प्राचीन पिरेअस म्हणजे एक बंदर नव्हते, तर एका खडकाळ द्वीपकल्पाच्या कुशीतली तीन बंदरे होती. सर्वांत मोठे ते कांथारोस. आज तुमची फेरी आणि आईबाबांची क्रूझ जेथून सुटणार आहे, तेच हे पाणी. दुसरे झेआ, ज्याला आज पासालिमानी म्हणतात, आणि तिसरे छोटे म्युनिकिया, म्हणजे आजचे मिक्रोलिमानो. ही बंदरे वापरात येण्याआधी अथेन्सची जहाजे फालेरोनच्या उघड्या वाळूवर ओढून ठेवली जात. तेथे ना वाऱ्यापासून आडोसा होता, ना शत्रूपासून. इ.स.पू. ४९३ च्या सुमारास अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस आर्कोन, म्हणजे नगराचा प्रमुख शासक, या पदावर असताना त्याने पिरेअसच्या तटबंदीचे काम सुरू केले. दहा वर्षांनी लॉरिअनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला, तेव्हा ती चांदी नागरिकांत वाटून न टाकता तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, हे त्यानेच लोकांना पटवले. इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत पर्शियन आरमाराचा पराभव करणाऱ्या नौकांच्या मागे ही चांदी होती आणि हे बंदर होते. सालामिस बेट पिरेअसच्या अगदी समोर आहे. तुमची फेरी बंदराबाहेर पडताना उजव्या हाताला पाहा, तेच ते बेट.

पुढे मिलेटसच्या हिप्पोडॅमसने या गावाची आखणी सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी केली. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला अथेन्सपासून बंदरापर्यंत सुमारे ६ किलोमीटर लांबीच्या समांतर भिंती उभ्या राहिल्या. त्या भिंतींमुळे, शेतशिवार शत्रूच्या ताब्यात गेले तरी काळ्या समुद्राकडून येणाऱ्या धान्यावर शहर तग धरू शकत असे. म्हणूनच इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सविरुद्धचे दीर्घ युद्ध जिंकलेल्या स्पार्टाने सर्वांत आधी त्या भिंती पाडायला लावल्या, आणि दहाच वर्षांनी अथेन्सचा सेनानी कोनोन याने त्या पुन्हा उभारायला घेतल्या.

आता काय दिसते ते सांगतो. कोनोनच्या काळातील समुद्रतटाच्या भिंतीचे दगडी थर आजही अक्ती थेमिस्टोक्लेऊस या किनारी रस्त्याच्या कडेने बऱ्याच अंतरापर्यंत दिसतात. रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि त्याला लागूनच चोवीसशे वर्षांपूर्वीचे चिरे, असा तो फेरफटका आहे, आणि माझ्या मते पिरेअसमधला तो सर्वांत सुंदर तासभर आहे. झेआच्या काठावर एका निवासी इमारतीच्या तळघरात प्राचीन नौकागृहांचे अवशेष जपले आहेत. ही नौकागृहे म्हणजे पाण्यापर्यंत उतरत जाणारे, वर छप्पर असलेले उतार. तिथली ट्रायरीम ही युद्धनौका सुमारे ३७ मीटर लांब असे आणि तिला १७० वल्हेकरी लागत. हलक्या लाकडाची ही नौका सतत पाण्यात राहिली तर लाकूड पाणी पिऊन जड होई आणि त्याला कीड लागे, म्हणून मोहीम नसताना ती ओढून छपराखाली ठेवावी लागे. इ.स.पू. चौथ्या शतकातील आरमारी नोंदींत तिन्ही बंदरांतील नौकागृहांची संख्या ३७२ दिली आहे, त्यांपैकी १९६ एकट्या झेआमध्ये होती. तेथे उभे राहून आजच्या खासगी नौकांच्या रांगांकडे पाहिले, की त्या आकड्याचा आवाका डोळ्यांसमोर येतो.

झेआजवळच फिलोन या वास्तुकाराने बांधलेले शिडे, दोर आणि इतर सामग्री ठेवण्याचे कोठार होते. त्याची मापे, दगड, लाकूड आणि कारागिरी यांचा तपशील कोरलेला शिलालेख १८८२ मध्ये सापडला, आणि प्रत्यक्ष इमारतीचा काही भाग त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उजेडात आला. जे बांधकाम दिसत नव्हते ते केवळ शब्दांवरून विद्वानांनी कागदावर उभे केले होते. पुरातत्त्वाच्या अभ्यासात असा योग क्वचितच येतो. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने पिरेअस जाळले, त्यात हे कोठारही गेले.

पुरातत्त्व संग्रहालय मात्र चुकवू नये. १९५९ मध्ये पिरेअसच्या एका रस्त्याखाली सांडपाण्याच्या कामासाठी खोदताना ब्राँझच्या मूर्तींचा साठा मिळाला. त्यातला अपोलो इ.स.पू. सहाव्या शतकातला आहे आणि त्याच्या सोबत एक भव्य अथेना व दोन आर्टेमिस आहेत. ब्राँझ वितळवून पुन्हा वापरले जाते, म्हणून त्या काळातल्या अशा मोठ्या मूर्ती फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांतल्या चार एकाच गावच्या संग्रहालयात, तेही गर्दीविना, निवांत पाहायला मिळतात. संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असते, तेवढे आधी तपासावे.

मुक्त_प्रवासी

शिलालेख यांचा प्रतिसाद अतिशय माहितीपूर्ण आहे. मी फेऱ्यांविषयी लिहितो.

माझा स्पष्ट सल्ला आहे की निदान जाताना मोठे, सावकाश जाणारे जहाज घ्या. पिरेअस ते नाक्सोस या अंतराला त्याला पाच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि सँटोरिनीपर्यंत जाणाऱ्याला साडेसात ते आठ तास. जलद नौका सँटोरिनीला साधारण पाच तासांत पोहोचवते. पण बहुतेक जलद नौकांत प्रवाशांनी बंद दालनात, ठरलेल्या आसनावर बसून राहायचे असते, उघडा डेक नसतो किंवा अगदी थोडा असतो. समुद्र खवळला तर हलकी, दोन सांगाड्यांची नौका अधिक हेलकावे खाते आणि बसल्या जागी मळमळू लागते. मोठ्या जहाजाच्या मागच्या डेकवर उभे राहून पिरेअस मागे पडताना पाहणे हा त्या तिकिटाचा मोठा भाग आहे. मग सूनिओनचे भूशिर डावीकडे येते, आणि तिथल्या कड्यावरचे पोसायडनचे मंदिर स्वच्छ हवेत जहाजावरूनही ओळखता येते.

या जहाजांची धक्क्याला लागण्याची रीत जरूर पाहावी. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार कमी असतो, त्यामुळे जहाजाचा मागचा भाग थेट धक्क्याला लावून तिथेच चढ-उतारासाठीचा फळा खाली टाकता येतो. जहाज बंदरात शिरते, आपल्याभोवती गर्रकन वळते, पुढचे नांगर सोडते आणि उलटे सरकत धक्क्याला येते. मागचे दोर बांधले जात असतानाच फळा खाली येऊ लागतो आणि त्यावरून मालमोटारी, दुचाक्या आणि पायी प्रवासी एकाच वेळी उतरू-चढू लागतात. बेटांवर तर हा सगळा व्यवहार काही मिनिटांत उरकला जातो, म्हणून आपले बेट येण्याची घोषणा झाली की लगेच सामान घेऊन खाली वाहनतळावर उतरायचे असते. तिथे सामान ठेवण्याच्या कप्प्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. चढतानाच आपली पेटी योग्य नावाच्या कप्प्यात ठेवावी, म्हणजे उतरताना धांदल होत नाही.

या घाईचे कारण समजून घेतले की तिचा त्रास वाटत नाही. फेरी ही बेटांसाठी सहलीची सोय नसून रस्ता आहे. भाजीपाला, औषधे, सिमेंट, शाळेत रुजू होणारे शिक्षक, सुट्टीवर निघालेले सैनिक आणि मोठ्या रुग्णालयात उपचारांसाठी चाललेले वृद्ध हे सगळे याच जहाजांनी पिरेअसला येतात-जातात. हिवाळ्यात पर्यटक नसतात आणि लहान बेटांच्या फेऱ्या तोट्यात जातात, तेव्हा सरकार अनुदान देऊन त्या चालू ठेवते. तुमच्या शेजारच्या बाकावर पिशव्यांसह झोपलेल्या आजीबाई कदाचित डोळ्यांची तपासणी करून घरी परतत असतील, हे लक्षात ठेवून त्या डेकवर वावरावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाऱ्याविषयी : मेल्टेमी नावाचा कोरडा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जोरकस असतो आणि सप्टेंबरात हळूहळू ओसरतो, तरी पूर्ण थांबत नाही. वारा बोफर्ट या वाऱ्याचा जोर मोजण्याच्या श्रेणीवर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की किनारा सुरक्षा अधिकारी जहाजांना बंदर सोडण्यास मनाई करतात. जलद नौकांसाठी ही मर्यादा कमी आहे आणि मोठ्या जहाजांसाठी अधिक, त्यामुळे ज्या दिवशी जलद नौका बंद असतात त्या दिवशीही मोठे जहाज अनेकदा सुटते. मोठ्या जहाजाची निवड करण्याचे हे दुसरे कारण. हवामानामुळे फेरी रद्द झाली, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा मिळते, परंतु नुकसानभरपाई मिळत नाही. म्हणून परतीचे विमान आणि परतीची फेरी एकाच दिवशी ठेवू नका. याखेरीज खलाशांच्या संघटनांचे संपही होतात, आणि त्यांची सूचना सहसा काही दिवस आधी जाहीर होते.

ही मनाई म्हणजे अधिकाऱ्यांची अतिसावधगिरी, असे काही प्रवासी लिहितात, ते मला मुळीच मान्य नाही. ८ डिसेंबर १९६६ रोजी क्रीटहून वादळातून पिरेअसला निघालेली ‘हेराक्लिओन’ ही फेरी फाल्कोनेरा या खडकाजवळ बुडाली. आतली एक मालमोटार सुटून दारावर आदळली, पाणी आत शिरले आणि २०० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर क्रीटच्या लोकांनी स्वतः भागभांडवल गोळा करून १९६७ मध्ये आपली जहाज कंपनी स्थापन केली. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री पिरेअसहून निघालेली ‘एक्सप्रेस सामिना’ पारोसच्या तोंडाशी असलेल्या खडकांवर आदळली आणि ८० हून अधिक लोक बुडाले. जलरोधक दारे उघडी राहिल्यामुळे पाणी जहाजभर पसरले होते. त्या रात्री पारोसच्या मच्छीमारांनी आपल्या लहान होड्या खवळलेल्या समुद्रात घातल्या आणि कितीतरी जणांना वाचवले. आज जहाज रोखले गेले म्हणून धक्क्यावर ताटकळावे लागले, तर त्या माणसांची आठवण ठेवून थांबावे.

उत्तरा_स

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्र पिरेअसमध्येच काढू आणि मोठ्याच जहाजाने जाऊ, हे ठरले. परतीची फेरी विमानाच्या आदल्या दिवशी घेतली आहे.

आईबाबांच्या क्रूझविषयी मात्र मनात थोडी रुखरुख निर्माण झाली आहे. फेरी म्हणजे बेटांचा रस्ता, हे मुक्त_प्रवासी यांचे म्हणणे वाचल्यावर, क्रूझने बेटांवर काही तासांसाठी उतरणे हे तिथल्या लोकांना जाचक वाटत असेल का, असा प्रश्न पडला. शिवाय बेटांवर क्रूझ प्रवाशांसाठी कर लावला आहे असे ऐकले, तोही समजून घ्यायचा आहे.

अश्विनी_द

उत्तरा, तुझ्या आईबाबांसाठी क्रूझ हीच योग्य निवड आहे आणि त्याबद्दल रुखरुख बाळगण्याचे कारण नाही. सत्तरीच्या माणसांना दर दोन दिवसांनी फळ्यावरून धावत चढायला लावण्यात काही शहाणपण नाही.

कराचे म्हणशील तर २०२५ च्या उन्हाळ्यापासून ग्रीसने प्रत्येक बंदरावर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. जून ते सप्टेंबर या गर्दीच्या काळात सँटोरिनी आणि मिकोनोस येथे ते २० युरो आहे आणि इतर बंदरांवर ५ युरो. गर्दी नसलेल्या महिन्यांत ते बरेच कमी होते. कंपन्या बहुधा तो खर्च प्रवाशाच्या बिलात जोडतात, म्हणून आरक्षणाचा कागद नीट वाचून घे. सँटोरिनीने दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादाही ठरवली आहे. ज्वालामुखीच्या मुखाच्या काठावर वसलेल्या त्या बेटावर मोठी जहाजे धक्क्याला लागू शकत नाहीत, प्रवाशांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर आणतात आणि मग कड्यावरच्या गावात जाण्यासाठी दोरमार्ग किंवा शेकडो पायऱ्या असतात. एकाच वेळी अनेक जहाजे आली की त्या दोरमार्गाच्या रांगेतच लोकांचा दिवस संपतो. आईबाबांना तिथे पहिल्या होडीने उतरायला सांग, किंवा गर्दी असेल तर जहाजावरूनच कडा पाहू दे. पाण्यातून दिसणारा तो देखावा खरोखर अपूर्व आहे.

लोकांना जाच वाटतो का, याचे उत्तर बेटागणिक बदलते. जहाजावर जेवणारा आणि जहाजावर झोपणारा पाहुणा गावात फारसा खर्च करत नाही, पाणी आणि कचरा यांचा भार मात्र वाढतो, ही तक्रार खरी आहे. पिरेअसची गोष्ट वेगळी आहे. येथे क्रूझ सुरू होते आणि संपते, त्यामुळे प्रवासी एखादी रात्र गावात राहतात, टॅक्सी करतात, जेवतात, आणि जहाजाला लागणारे अन्न, इंधन व दुरुस्ती येथूनच होते.

शीड_आणि_वारा

अश्विनीताईंच्या म्हणण्याशी मी बराचसा सहमत आहे, पण पिरेअसच्या रहिवाशांची बाजूही मांडावीशी वाटते. धक्क्याला लागलेले मोठे क्रूझ जहाज आपली यंत्रे बंद करत नाही. हजारो माणसांसाठी दिवे, वातानुकूलन आणि स्वयंपाकघर चालू ठेवायला ते दिवसभर इंधन जाळत राहते, आणि बंदराला अगदी लागून वस्ती असल्याने तो धूर थेट घरांत जातो. १ मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.१ टक्क्यावर आणली गेली, हे चांगले पाऊल आहे. २०३० पर्यंत युरोपातील प्रमुख बंदरांवर प्रवासी जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय करणे बंधनकारक आहे. ती सोय पिरेअसमध्ये लवकर व्हावी, असे मला तळमळीने वाटते, कारण येथे क्रूझ, फेऱ्या आणि मालवाहू जहाजे या तिन्हींचा धूर एकाच गावाच्या वाट्याला येतो.

मालवाहतुकीचा उल्लेख आला म्हणून एक सांगतो. प्रवासी बंदराच्या पश्चिमेला दिसणाऱ्या उंच याऱ्या कंटेनर बंदराच्या आहेत. त्यांतील दोन धक्के २००९ पासून चीनच्या कॉस्को कंपनीकडे आहेत. २०१६ मध्ये त्या कंपनीने पिरेअस बंदर प्राधिकरणाचे ५१ टक्के भाग २८ कोटी ५ लाख युरोंना विकत घेतले आणि २०२१ मध्ये तिचा वाटा ६७ टक्क्यांवर गेला. म्हणजे तुमची फेरी आणि तुमच्या आईबाबांची क्रूझ ज्या धक्क्यांवरून सुटतात, त्यांचा कारभारही त्याच व्यवस्थापनाखाली येतो. कंटेनरच्या व्यवहारात बंदर युरोपातील पहिल्या फळीत पोहोचले, हे या काळाचे यश आहे. मात्र त्या वाढीत गावाच्या श्वासाचा विचार पुरेसा झाला, असे मला वाटत नाही.

शिलालेख

एक गोष्ट मघाशी राहून गेली. मध्ययुगात हे बंदर जवळजवळ ओस पडले होते आणि पाश्चात्त्य खलाशी त्याला पोर्तो लेओने म्हणत, कारण धक्क्यावर संगमरवराचा, सुमारे ३ मीटर उंचीचा सिंह बसलेला होता. १६८७ मध्ये अथेन्सवर चालून आलेल्या व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याने परतताना तो सिंह उचलून नेला आणि आजही तो व्हेनिसच्या आरमारी गोदीच्या दाराशी आहे. त्याच्या खांद्यांवर अकराव्या शतकातील उत्तरेकडच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या योद्ध्यांनी कोरलेली रून लिपी आहे. पिरेअसमध्ये त्याची प्रतिकृती बसवली आहे.

१८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाले, तेव्हा येथे काही झोपड्यांपलीकडे वस्ती नव्हती. हायड्रा आणि खिओस बेटांवरचे दर्यावर्दी येऊन राहिले आणि गाव पुन्हा उभे राहिले. १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा खुला झाल्यावर बंदराचे महत्त्व आणखी वाढले. मग १९२२ च्या आशिया मायनरमधील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, संहारानंतर निर्वासितांची जहाजे याच धक्क्यांना लागली, आणि कोकिनिया, द्रापेत्सोना या वस्त्या त्यांनी वसवल्या. आजच्या पिरेअसचे बोलणे, गाणे आणि स्वभाव या माणसांनी घडवला. एप्रिल १९४१ मधील एका रात्री जर्मन बाँबफेकीत बंदरात उभे असलेले ‘क्लॅन फ्रेझर’ हे दारूगोळ्याने भरलेले जहाज पेटले आणि त्याच्या स्फोटाने बंदराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. धक्क्यालगतच्या इमारती एवढ्या नव्या आणि एकसुरी का दिसतात, याचे एक कारण त्या रात्रीत आहे.

आता तुमच्या दिवसाची आखणी सुचवतो. सकाळी आईबाबांसह संग्रहालय पाहा, तेथून झेआचा काठ जवळ आहे. उन्हे तापण्याआधी त्यांना मिक्रोलिमानोच्या काठावर जेवायला न्या, आणि तेथून टॅक्सीने क्रूझच्या टर्मिनलवर सोडा. ते जहाजावर चढल्यावर तुम्ही दोघे अक्ती थेमिस्टोक्लेऊसवर भिंतीच्या कडेने चाला. वेळ उरला, तर ट्रामने पालेओ फालिरोला जाऊन १९१० मध्ये जलावतरण झालेली ‘आवेरोफ’ ही युद्धनौका आणि तिच्याजवळची ‘ओलिम्पियास’ ही १९८७ मध्ये बांधलेली ट्रायरीमची प्रतिकृती पाहता येईल. झेआच्या नौकागृहात जे जहाज ठेवत, ते पूर्ण आकारात पाहण्याची ती एकमेव जागा आहे. मात्र तिच्या दर्शनाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

उत्तरा_स

ही आखणी जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. संग्रहालयाचा बंद असण्याचा दिवस आमच्या दिवसाशी जुळत नाही, हे पाहिले. आईबाबांना सँटोरिनीला पहिल्या होडीने उतरायला सांगितले आहे, आणि बाबांनी लगेच विचारले की क्रूझ बंदराबाहेर पडताना सालामिस दिसायला डेकच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे.

मुक्त_प्रवासी

उजव्या बाजूला, उत्तराताई, आणि जहाज सुटण्याच्या थोडे आधीच जागा धरायला सांगा. तोंडाबाहेर पडल्यावर मोठी जहाजे लवकरच दक्षिणेकडे वळतात, त्यामुळे बेट समोरून नीट दिसण्याचा वेळ थोडाच असतो. नंतर मागच्या डेकवर गेले, तर ते आणखी बराच वेळ दिसत राहील.